लाल धाग्याची बोंडं

“रिकाम्या हातानं कोणाले घरी पाठवू नये.”

वडनेरच्या कांताबाईचं हे बोलणं साऱ्या गावाला पाठ होतं. तिच्या दारात कुणी निरोप घेऊन येवो, उसनी कढई परत करायला येवो, की नुसतं घडीभर टेकायला येवो, उठताना त्याच्या हातात काहीतरी पडायचंच. चार वांगी, कढीपत्त्याची डहाळी, मूठभर तुरीच्या शेंगा. घरात काहीच नसलं तर अंगणातल्या जास्वंदीचं फूल. घेणारी संकोचली की कांताबाई म्हणायची, “धर व. तुह्यासाठी नाई, माह्यासाठी ने.”

या बोलण्याला एक मूळ होतं आणि तेही गावाला ठाऊक होतं.

कांता नवी सून होती तेव्हाची गोष्ट. पहिल्या बाळंतपणासाठी तिला हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली, पण पोटातच गेलेली. नवऱ्यानं, प्रेमदासनं, ते गाठोडं उचललं आणि नाल्याच्या काठी कुठेतरी पुरलं. कुठे ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. पुढे प्रेमदासही गेला, आणि ती जागा त्याच्याबरोबर गेली.

दवाखान्यातून परत येताना कांता एसटीतून उतरली तेव्हा तिच्या हातात कापडाची एक पिशवी होती, आणि पिशवीत काही नव्हतं. फाट्यावर तिची मोठी जाऊ पंचफुला उभी होती. पंचफुला स्वतः बाळंतीण, कान बांधलेले, अंगाला हळदीचा वास. तिच्या कुशीत तिसरा मुलगा, अजून मान न धरणारा. सांत्वनाचा एक शब्दही ती बोलली नाही. पोर कांताच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, “रिकाम्या हातानं घरात जाऊ नको. माह्याजवळ दोन हायेत. हा तुहा.”

कागद झाला नाही, पंचायत बसली नाही. त्या पोरानं कांताच्या पदराखाली तोंड खुपसलं. दूध तर आलेलंच होतं. तोच अश्वजित. आज तो जामच्या चौरस्त्यावर ट्रकच्या टायरचं दुकान चालवतो, कांताला माय म्हणतो, पंचफुलाला मोठीमाय म्हणतो. कांताला पुन्हा मूल झालं नाही, आणि तिनं त्याचं दुःखही कधी बोलून दाखवलं नाही. एका घरचं लेकरू दुसऱ्या मांडीवर गेलं आणि दोन्ही घरं उभी राहिली, एवढंच तिला ठाऊक होतं. ते तिला पुरेसं होतं.

वडनेरहून हिंगणघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसावर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तारेचं कुंपण, आत पांढऱ्या इमारती, मागे काळ्या जमिनीचे आखीव तुकडे. कांता तिथं मजुरीला लागली ती निंदणासाठी. पण कुणाच्या तरी लक्षात आलं की या बाईचा अंगठा वेगळा आहे. मग तिला फुलांवर ठेवलं.

फुलांचं काम असं असतं. कापसाचं फूल उद्या सकाळी उमलणार असेल तर आज दुपारी त्याची कळी हेरायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पिवळ्या परागाचा सगळा झुबका सोलून काढायचा. आत राहिलं पाहिजे ते कोवळं बोंड आणि त्यातून वर आलेली काडी. नख जरा खोल गेलं की बोंड मेलं. जरा वर राहिलं की परागाचा दाणा मागे राहून सगळं फसलं. मग कागदी पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याला बाप करायचं त्या झाडाचा पराग त्या काडीवर फिरवायचा. शेवटी देठाला लाल धागा. शेकडो बोंडांत तो लाल धागाच सांगतो, की हे बोंड कुणाचं.

कांताच्या हातचं फूल सहसा मरत नसे. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

सुरभी त्या केंद्रात आली ती पीएचडी करायला. आष्टीकडची, शेतकऱ्याच्या घरातली, संत्र्याच्या बागेत वाढलेली पोरगी. पहिल्याच दिवशी ती बांधावर घसरून चिखलात बसली. कांता तिला हात देत म्हणाली, “मॅडम, शेतात बूट घालून येते का कोणी? तुमच्या गावात शेत नाई का?”

“आमच्याकडं झाडावर चढा लागते, चिखलात उतरा नाई लागत.”

“मंग झाडावर बसून शिकायचं होतं ना.”

तेव्हापासून त्या दोघींचं जमलं. सुरभी तिला मावशी म्हणू लागली. दुपारी दोघी कडुनिंबाखाली एकाच डब्यात जेवत. कांताच्या घरची मिरचीची भाजी खाऊन सुरभीच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी तिचा हात पुन्हा डब्याकडे जायचा.

एकदा कांतानं विचारलं, “तू करून काय राह्यली नेमकं? सांगशीन का आमच्यासारख्यांले?”

सुरभीनं कापसाचं एक पान उलटं केलं. खाली बारीक, हिरवे, तिरपे पळणारे तुडतुडे होते. “हे पानाचा रस पितात. पान लाल पडते, झाड बसते. मंग फवारणी. पण एक रानकापूस आहे, त्याले हे शिवत नाहीत. त्याच्या बोंडात कापूस नाई, नुसती कुसं. पण अंगात हा एक गुण आहे. तेवढा एक गुण काढून आपल्या कापसात आणायचा.”

“आणि आला का नाई आला, समजते कसं? तुडतुडे सोडतं त्याच्यावर?”

“ते नंतर. आधी पानाचा एवढासा तुकडा घ्यायचा. प्रत्येक पानात आईचं आणि बापाचं असं दोघांचं लिहिलेलं असते, मावशी. डोळ्याले दिसत नाई. ते वाटून, त्याच्यातून नेमकी ती जागा वाढवून पाहिली, का निळ्या उजेडात रेघ दिसते. आईची एक, बापाची एक. दोन रेघा दिसल्या का समजायचं, गुण आला.”

कांता हसली. “म्हणजे तुमच्या मशीनपुढं कोणाचं झाकून राहत नाई.”

“नाई राहत.”

रानकापसाचा गुण आपल्या कापसात आणायला आधीच झाडांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या. त्यातून हाती आलं होतं एकच झाड. वाकडं, खुरटं, कुंडीत लावलेलं. फुलं देत होतं, पण पराग इतका अशक्त की चिमटीत धरावा तर पिठासारखा उडून जावा. हाच बाप. कांतानं त्याचं नाव नवरदेव ठेवलं. रोज सकाळी शेडनेटमध्ये, हिरव्या जाळीच्या मांडवात, शिरताना ती विचारायची, “उठले का नवरदेव? का अजून रुसून बसले?” आणि दारावरचा नत्थूजी, केंद्राचा जुना चौकीदार, म्हणायचा, “कांताबाई, एवढ्या नवऱ्या एका नवरदेवाले? पोलिसात देईन मी त्याले.”

त्या वर्षी सुरभीची शिष्यवृत्ती शेवटच्या टप्प्यावर होती. केंद्राच्या मोठ्या सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, तिला सांगितलं होतं, की या हंगामात बोंडं धरली तर पुढे जाऊ, नाहीतर विषय बदलून दुसरं काही लिहून मोकळी हो. दुसरं काही म्हणजे काय, हे सुरभीला ठाऊक होतं. तिच्या आधीच्या एकानं असंच दुसरं काही लिहिलं होतं आणि तो आता हिंगणघाटला खतांचं दुकान सांभाळत होता.

आई ठरवलेल्या साध्या कापसाच्या ओळीत फुलं आली. कांतानं विळ्याची धार जपावी तसं नख जपलं. दुपारी सोलायची, सकाळी पराग लावायचा, लाल धागा बांधायचा. सगळी ओळ लाल धाग्यांनी भरली. आणि मग बोंडं गळू लागली.

आधी एखाददुसरं. मग रोज. सकाळी ओळीतून चालावं तर पायाखाली हिरवी, गोट्यांएवढी बोंडं, देठाला लाल धागा तसाच. सुरभी ती गोळा करत नव्हती. तिला ती बघवतच नव्हती. बांधावर बसून ती नुसती ओळीकडे बघत राहायची. डबा उघडला तरी हात घालायची नाही.

“जेव ना व,” कांता म्हणायची.

“जेवते, मावशी.”

“काल बी असंच म्हणलं होतं.”

दिवाळीला सुरभी आष्टीला गेली. जाताना कांतानं तिच्या पिशवीत तुरीच्या शेंगा भरल्या, पण पोरीचं लक्ष नव्हतं. फाटकातून बाहेर पडताना ती म्हणाली, “आता काही राहिलं असन तर पाहून ठेवजा, मावशी. नसन तर बी फोन करू नका. घरी सगळे खुश असतात दिवाळीत.”

ती गेल्यावर कांता ओळीत शिरली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिनं झाडं चाळली. लाल धाग्याची बहुतेक बोंडं खाली पडलेली होती. जी चार झाडावर होती तीही पिवळी, आज ना उद्या पडणारी. आणि त्याच झाडांवर, शेंड्याला, पानांआड, नजरेतून सुटलेल्या, आपल्याच परागावर फळलेल्या फुलांची बोंडं होती. टपोरी, हिरवीगार. त्यांना धागा नव्हता. ती कुणी मागितली नव्हती.

कांता ओळीत खाली बसली. तिनं पडलेलं एक बोंड उचललं. ते अजून थंड, ओलसर होतं. देठाचा धागा तिनं सोडवला. तो हातात धरून ती बराच वेळ बसून राहिली. तिला एसटीतून उतरल्यावरचा तो फाटा दिसला, कान बांधलेली पंचफुला दिसली. आई तीच, झाड तेच, मुळाचं पाणी तेच. एक बोंड गेलं, दुसरं आहे. पोरगी परत येईल तेव्हा तिच्या हातात काय पडणार?

तिनं धागा वरच्या टपोऱ्या बोंडाच्या देठाला बांधला. मग दुसरा. मग तिसरा. एक एक धागा गळलेल्या बोंडावरून काढून ती जित्या बोंडाला बांधत गेली. हाताला सवय होती, गाठ तिचीच होती, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. गळलेली बोंडं तिनं पदरात घेतली आणि बांधाच्या पायथ्याशी विळ्यानं माती उकरून पुरली. फेकून द्यायला तिचं मन झालं नाही.

सुरभी परत आली, ओळीत गेली आणि तिथंच उभी राहिली. मग पळत येऊन तिनं कांताच्या गळ्यात हात टाकले. “राहिली, मावशी. इतकी राहिली.” ती हसत होती आणि रडतही होती. कांताच्या खांद्यावर तिचं डोकं होतं, आणि कांताला वाटलं, आपण पंचफुलाचं देणं आज थोडं फेडलं.

कापूस वेचला गेला, बी निघालं, पाकिटात बंद झालं. मोठ्या सरांनी सुरभीच्या पाठीवर हात ठेवला. उन्हाळ्यात कुंडीतला नवरदेव वाळला. बी हाती आलेलं असल्यानं कुणी त्याच्यासाठी फार धावपळ केली नाही. कांतानं मात्र त्याच्या काटक्या चुलीत घातल्या नाहीत. कडुनिंबाच्या बुडाशी ठेवून दिल्या.

पाऊस पडला आणि शेडनेटमध्ये रोपं उगवली, जोमदार, एकसारखी. सुरभीनं पानांचे तुकडे कापले आणि ती प्रयोगशाळेत गेली.

संध्याकाळी ती बाहेर आली आणि कांताकडे न बघताच निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पानं कापली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती म्हणायची, पाणी खराब असेल. मग म्हणायची, औषधाची बाटली बदलायला पाहिजे. मग म्हणायची, माझाच हात चुकत असेल. नागपूरहून नवीन सामान मागवलं, रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेचा दिवा जळत राहिला. मोठे सर एकदा तिला मोठ्यानं बोलले. शब्द बाहेर ऐकू आले नाहीत, पण आवाज आला. पोरीचे गाल आत गेले. तिच्या केसांना तेल नव्हतं. कांता डबा घेऊन दाराशी बसायची आणि डबा तसाच परत न्यायची.

शेवटी एका दुपारी कांतानं तिला हात धरून कडुनिंबाखाली बसवलं. “काय चुकून राह्यलं, ते मले दाखव. मले समजन तेवढं समजन.”

सुरभीनं मोबाइलमध्ये फोटो दाखवला. काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा, एकीखाली एक नव्हे, एकीशेजारी एक, एकाच उंचीवर.

“ही आईची रेघ,” सुरभी म्हणाली. “सगळ्यांत आहे. बापाची हिच्या खाली यायले पाहिजे. अर्ध्या रोपांत तरी. एकाही रोपात नाई, मावशी. असं होऊच शकत नाई. तुम्ही पराग लावला, मी सोबत होती, लाल धाग्याची बोंडं मी माह्या हातानं तोडली. मंग बाप गेला कुठं?”

कांता फोटोकडे बघत राहिली. तिला वाचता थोडंसंच यायचं, पण ही एक रेघ तिला वाचता आली.

“बाप गेला नाई,” ती म्हणाली. “तो आलाच नाई.”

“म्हणजे?”

कांतानं सांगितलं. आडवळण घेतलं नाही. दिवाळीत कोणती बोंडं गळालेली होती, शेंड्यावर कोणती होती, धागा कसा सोडवला, कसा बांधला. सांगताना तिचे हात मांडीवर तशीच गाठ मारत होते, हवेत.

वरून कडुनिंबाची पिकली निंबोळी पडली, सुरभीच्या मांडीवरून घरंगळून खाली गेली.

“काऊन केलं, मावशी?”

“तू जेवत नव्हती.”

“म्हणून?”

“तुह्या हातात काही पडलं पाहिजे होतं. मले वाटलं, झाड एकच, आई तीच. माह्या मांडीवर बी असंच...”

सुरभीला अश्वजितची गोष्ट माहीत होती. ती हळूच म्हणाली, तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच कांताला सहन झालं नाही. “अश्वजितचं रक्त कोणी तपासलं नाई, मावशी. माह्या रोपांचं तेवढंच तपासायचं होतं.”

मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं तिनं विचारलं, “गळलेली कुठं टाकली?”

“पुरली. बांधाखाली.”

सुरभीनं डोळे मिटले.

“काय झालं व?”

“काही नाई.”

“सांग.”

“नका विचारू.”

“सांग, पोरी. आता काय राह्यलं लपवायचं?”

सुरभी मातीकडे बघत बोलली. “मी आष्टीहून परत आली तेव्हा मले लाल धाग्याचं एक बी बोंड राह्यलं नाई एवढं जरी दिसलं असतं, तर मी नवरदेवाले मरू दिलं नसतं. परत पराग लावला असता. आणि यावेळी गळायची वाट पाहिली नसती. कोवळं बोंड उघडून आतला कोंब काढायचा, बाटलीत ठेवायचा. बाटलीतल्या जेवणावर वाढते तो. आईनं टाकलेला बी वाढते कधी कधी. त्या पडलेल्यांतलं बी एखादं...”

“एखादं जित्तं होतं?” कांतानं विचारलं.

“असंन बी. नसंन बी. आता कोण सांगन?”

कांता उठली. सरळ बांधाकडे गेली, खाली बसली आणि बोटांनी माती उकरू लागली. माती ओली, चिकट, काळी होती. तिथं काही नव्हतं. एक पाऊस सगळं खाऊन गेला होता. तरी ती उकरत राहिली, त्या अंगठ्याच्या नखात माती भरेपर्यंत. सुरभीनं मागून येऊन तिचे हात धरले तेव्हा ती थांबली.

“तिले बी कुठं पुरलं, मले माहीत नाई,” कांता म्हणाली. एवढ्या वर्षांत ते वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं.

सुरभीनं तिला थोपवलं, म्हणाली, सरांना मी सांगते बी मिसळलं म्हणून, माझी चूक म्हणून. कांतानं मान हलवली. ती पदर सारखा करून मोठ्या सरांच्या खोलीत गेली आणि उभ्यानं सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?”

“कोणी नाई, साहेब.”

“मग आता काय करायचं, कांताबाई? ते झाड तर मेलं.”

ते खिडकीतून शेताकडे बघत राहिले. उद्यापासून येऊ नका असं त्यांनी म्हटलं नाही. ते तिनंच ठरवलं.

शेडनेटच्या दाराशी येऊन तिनं कमरेला खोचलेली लाल धाग्याची रीळ काढली आणि सुरभीच्या हातात दिली. ओळीतली जोमदार, एकसारखी, बिनबापाची रोपं वाऱ्यावर डुलत होती. आपण बांधलेल्या धाग्यांनी जन्माला आलेली ती सगळी, आणि त्यांतलं एकही पोरीच्या कामाचं नाही.

“जेवत जाजो,” कांता म्हणाली.

सुरभीनं मान हलवली. मावशी, उद्या येजा, असं तिच्या ओठांवर आलं असेल. पण ज्या कामावर बोलवायचं तेच उरलं नव्हतं. रीळ हातात गच्च धरून ती तशीच उभी राहिली.

फाटकापाशी नत्थूजीनं रोजच्यासारखी थट्टा केली. “काय कांताबाई, आज काही नेत नाई? कढीपत्ता वाढला हाय, न्या ना चार डहाळ्या.”

“नाई, नत्थूजी.”

“आणि देत बी नाई काही?”

तिनं मागे वळून पाहिलं नाही. हातात डबा नव्हता. तो कडुनिंबाखालीच राहिला होता. मातीनं काळी झालेली बोटं पदरात न लपवता, हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडून ती रस्त्याच्या कडेनं वडनेरकडे चालत गेली. एक ट्रक गेला, धूळ उठली, बसली. नत्थूजीला काही कळलं नाही, तो फाटकाची कडी धरून तिच्याकडे बघत राहिला. आणि शेडनेटच्या दारातून, ती वळणावरच्या बाभळींआड जाईपर्यंत, सुरभी बघत राहिली.